आजोबांचं ड्रॉइंग टेबल: भंगारवाला म्हणतो साडेतीन हजार, मोबाईल म्हणतो एक लाख चाळीस हजार

अमळनेरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. आजोबा पाटबंधारे खात्यात आरेखक होते, गिरणा धरणाच्या नकाशांवर त्यांनी काम केलं. निवृत्तीनंतर कार्यालयातल्या लिलावात त्यांनी आपलंच ड्रॉइंग टेबल विकत घेतलं. आता घर विकायचंय, भाऊ पुण्यात, सामानाची वाटणी चालू आहे. भंगारवाला साडेतीन हजार द्यायला तयार आहे. मोबाईलवर तसंच दिसणारं टेबल एक लाख चाळीस हजाराला दिसलं. खरी किंमत कोणती? टेबलावर मधल्या काळात आई इस्त्री करायची, त्यामुळे घोंगडीचे खिळे आणि एक जळका डाग आहे. एक बिजागरी तुटलेली. माप साधारण साडेचार फूट बाय पावणेतीन फूट. कंपनीच्या नावाची पट्टी कुठेच नाही.

ताई, मी जळगावात जुनं फर्निचर घेतो, दुरुस्त करतो, विकतो. बावीस वर्षं झाली. ड्रॉइंग टेबलं त्यात मोजकीच आली, पण जी आली त्यांनी शिकवलं भरपूर, काही वेळा खिशाला चाट देऊन.

आधी प्रश्नच जरा नीट करून घेऊ. तुम्हाला 'किंमत' हवी आहे, पण ती कशासाठी? भावाबरोबर वाटणीत धरायला हवी असेल तर एक आकडा. आठ दिवसांत घर रिकामं करायचं असेल तर दुसरा. सहा महिने थांबून योग्य गिऱ्हाईक गाठायचं असेल तर तिसरा. हे तिन्ही आकडे खरे असतात आणि त्यांच्यात तिपटीचा फरक सहज पडतो. भंगारवाल्यानं तुम्हाला पहिल्या दिवसाचा आकडा सांगितला, मोबाईलनं कदाचित कधीच न येणाऱ्या दिवसाचा. तिथे दिसते ती मागितलेली रक्कम असते, मिळालेली नव्हे. तीच जाहिरात वर्षभर तिथेच दिसत असेल, तर त्या आकड्यावर आपली गणितं मांडू नका.

भंगारवाल्यानं तुम्हाला फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यानं लाकूड मोजलं, एवढंच. तुम्हीही मोजा. टेप घ्या, पाय मोजा. समजा तीन इंच बाय तीन इंच जाडी आणि चौतीस इंच उंची असे चार पाय आहेत. म्हणजे १,२२४ घनइंच. आडव्या पट्ट्या तीन बाय दीड इंचाच्या, सगळ्या मिळून सव्वीस फूट धरल्या तर १,४०४ घनइंच. बेरीज करून १,७२८ नं भागलं की दीड घनफूट येतं. खण आणि खालची फळी धरून दोन घनफूट सागवान म्हणू. जुन्या सागाचा भाव अडीच हजार रुपये घनफूट धरला (तुमच्या वखारीत विचारून घ्या, गावागणिक फरक पडतो), तर पाच हजारांचं लाकूड. पण जुन्या लाकडात सालीची (सांध्यात कूस बसवायला पाडलेली) भोकं असतात, खिळे असतात, तुकडे आखूड असतात. घेणारा तेवढं कापतोच. म्हणजे साडेतीन हजार हा मोडीचा सरळ भाव झाला. याच्या खाली जायचं कारण नाही, एवढाच त्याचा उपयोग.

आणि वरची फळी? तुम्ही माप साधारण दिलंय, पावणेतीन फूट म्हणजे तेहतीस इंच होतात, पण मी इंचात चोपन्न बाय बत्तीस धरलं. जाडी एक इंच असेल तर गुणाकार बरोब्बर १,७२८ येतो, म्हणजे पुरतं एक घनफूट. पण ते एक घनफूट बहुतेक सागाचं नाही. इथे बरेच जण गडबडतात. विकणारा छातीठोकपणे सांगतो, 'पूर्ण सागवान.' खऱ्या ड्रॉइंग बोर्डाची फळी मुद्दाम मऊ लाकडाची करत. पाईन, देवदार, कैल असलं काहीतरी. कारण कागद पिनांनी टाचायचा असतो. पिन बोटानं दाबून आत जायला हवी, काढल्यावर भोक फार उघडं राहायला नको, आणि पेन्सिलीखाली पृष्ठभाग दगडासारखा लागायला नको. माझ्याकडचे सुतार, वय सत्तरीच्या पुढे, पहिल्यांदा अशी फळी हातात घेऊन म्हणाले होते, "भाऊ, हाई लाकूड सागनं नई शे." तेव्हा मला वाटलं की मी फसलो. उलट होतं. फळी मऊ होती म्हणूनच ती अस्सल होती. स्टँड सागाचा आणि फळीही जड सागाची दिसली, तर मूळ फळी गेली आणि नंतर कुणी जेवणाच्या टेबलासाठी दुसरी बसवली, अशी शंका मला आधी येते. दर वेळी खरी ठरत नाही, पण येते.

तपासायला सोपं आहे. फळीच्या खालच्या बाजूला, कोपऱ्यात, अंगठ्याचं नख जोरात दाबा. ठसा उमटला तर मऊ लाकूड. मग डावी कड बघा. टी-स्क्वेअरचं (आडव्या रेघा मारायच्या टी आकाराच्या लांब पट्टीचं) डोकं ज्या कडेवरून सरकतं, त्या कडेत काळ्या लाकडाची बोटभर पट्टी बसवलेली असेल, आबनुसाची. तिच्यावरून हात फिरवा, मध्येमध्ये करवतीचे बारीक काप लागतील. ते तडे नाहीत, मुद्दाम दिलेले आहेत, फळी फुगली-आकसली तर पट्टीला जागा मिळावी म्हणून. ही पट्टी आणि हे काप असतील, तर बोर्ड अशा माणसानं केला आहे ज्याला बोर्ड करता येत होता. फळी उलटी केली की मागे दोन आडव्या पट्ट्या दिसतील. त्यांचे स्क्रू गोल भोकात नसतात, लांबट खाचेत असतात, आणि बऱ्याचदा त्याखाली पितळी चकती असते. कारण तेच. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि जुलैत तेच लाकूड ओल पिऊन फुगतं. खाचेतला स्क्रू सरकतो, फळी शाबूत राहते. कुणी 'हलतंय' म्हणून त्या पट्ट्या फेविकॉल लावून घट्ट ठोकल्या असतील, तर दोन-तीन उन्हाळ्यांत फळी मधोमध तडकते. खानदेशात तडकलेल्या फळ्या मी जास्त पाहिल्या त्या या उपद्व्यापामुळे, वाळवीमुळे नव्हे.

आता वय. कंपनीची पट्टी नाही म्हणून निराश होऊ नका. आपल्याकडची बरीच टेबलं स्थानिक सुतारांनी किंवा खात्याच्या वर्कशॉपनं केलेली असत. वय शोधायला मापच मदत करतं. इंग्रजांच्या काळात बोर्ड कागदाच्या नावानं ओळखत. इंपीरियलचा बोर्ड ३२ बाय २३ इंच, डबल एलिफंटचा ४२ बाय २९, अँटिक्वेरियनचा ५४ बाय ३२. तुमचं माप यातल्या शेवटच्याला जुळतंय. मेट्रिक आल्यावर ड्रॉइंग बोर्डांची मापंही बदलली: १५०० बाय १००० मिलिमीटर, १००० बाय ७००, ७०० बाय ५००. वजन-मापांचा कायदा १९५६ चा, आणि एप्रिल १९६२ पासून व्यवहारात मेट्रिक सक्तीचं झालं. म्हणजे इंचातला बोर्ड बहुधा त्याआधीचा. 'बहुधा' म्हणतोय कारण सुतार आजही इंचातच बोलतो. माप हा इशारा आहे, दाखला नाही.

दाखला मिळतो तो रंगानं लिहिलेल्या अक्षरांत. खणाच्या खाली, मागच्या पट्टीवर, पायाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात नोंदणीचा क्रमांक किंवा खात्याची अक्षरं असतात. आपल्या भागात तर ही अक्षरं तारखेचं काम करतात. 'ईस्ट खानदेश' किंवा 'वेस्ट खानदेश' असं असेल, तर ते १९०६ ला जिल्हा फुटल्यानंतरचं आणि १९६० च्या सुमारास जळगाव, धुळे ही जिल्ह्यांची नावं रुळण्याआधीचं. भुसावळकडच्या सामानावर 'जी.आय.पी.' (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) असेल, तर ते मध्य रेल्वे होण्याआधीचं, म्हणजे नोव्हेंबर १९५१ च्या आधीचं.

ही अक्षरं किती मोलाची असतात ते मी नुकसान सोसून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी भुसावळच्या एका निवृत्त कुटुंबाकडून, लिलावाच्या पावतीसकट, एक टेबल घेतलं. मागच्या पट्टीवर 'जी.आय.पी.' होतं, खाली चार आकडी क्रमांक. पुण्याच्या एका आर्किटेक्टला फोटो पाठवले. त्यांना पसंत पडलं, भाव ठरला. मी म्हटलं, देण्याआधी जरा चकाचक करू. पोराला पॉलिश पेपर दिला आणि जेवायला गेलो. परत येईपर्यंत त्यानं स्टँड सोलून पिवळाधमक केला होता, अक्षरांसकट. गिऱ्हाईक आलं, टेबलाभोवती फिरलं आणि त्यानं एकच विचारलं, "अक्षरं कुठे गेली?" टेबल शेवटी गेलं, पण ठरल्या भावाच्या निम्म्यात. पोराची चूक नव्हती. सांगणारा मी होतो.

म्हणून ताई, किंमत ठरेपर्यंत काही घासू नका, रंगवू नका, वॉर्निशही लावू नका. कोरड्या सुती फडक्यानं धूळ पुसा, बस. शाईचे डाग, पिनांची भोकं, ब्लेडचे ओरखडे हे त्या टेबलाचं काम केल्याचं प्रमाणपत्र आहे, घेणारा त्याचेच पैसे देतो. इस्त्रीचा डाग मात्र त्यात बसत नाही, तो दोष म्हणूनच धरला जाईल. तळहाताएवढा असेल आणि लाकूड कोळसा झालं नसेल, तर फार फरक पडत नाही. घोंगडीचे खिळे चिमट्यानं उपटू नका, मऊ लाकूड भोवती फाटतं. खिळ्याशेजारी पातळ पत्र्याचा तुकडा ठेवा, त्याच्यावर पक्कड टेकवा आणि सरळ वर उचला. आणि सगळे निघाले असं वाटलं की एकदा लोहचुंबक फिरवा, एखादा डोकं तुटलेला आत राहतोच.

तुटलेली बिजागरी किरकोळ आहे, तुटका तुकडा मात्र टाकू नका. तो समोर असला तर कारागीर तशीच बिजागरी करून देतो. त्यापेक्षा टेबल तिरकं करायची यंत्रणा महत्त्वाची. बाजूला खाचा असलेल्या लाकडी कमानी असतील, तर फळी प्रत्येक खाचेत बसते का आणि वर हाताचं वजन टाकल्यावर सटकते का, ते बघा. ती चालत नसेल तर तुमच्याकडे ड्रॉइंग टेबल नाही, नुसतं उंच टेबल आहे. दोन्हींच्या भावात बराच फरक.

मोबाईलवरचं एक लाख चाळीस हजाराचं टेबल मी पाहिलेलं नाही, पण अंदाज सांगतो. खाली बिडाचा जड खांब, फिरवायचं चाक, एखाद्या अमेरिकन किंवा युरोपियन कंपनीचं ओतीव नाव, असं काहीतरी असेल. विस्कॉन्सिनची हॅमिल्टन, न्यूयॉर्कची कॉइफेल अँड एसर, शिकागोची डीट्झगेन, लंडनची स्टॅनली, ही या धंद्यातली जुनी नावं. त्या बिडाच्या पायांवर काच टाकून लोक जेवणाचं टेबल करतात, त्यामुळे तिकडे त्यांना वेगळंच गिऱ्हाईक आहे. तुमचं टेबल त्याच कामाचं असलं तरी त्या जातीचं नाही. सागाच्या चौकटीचं टेबल त्याच्याशी ताडून पाहणं म्हणजे बैलगाडीचा भाव बग्गीवरून ठरवणं.

मग ताडायचं कशाशी? मी तीन बाजूंनी आकडा काढतो.

पहिली बाजू आपण पाहिली, मोडीची. दुसरी बाजू, आज असंच नवं करून घ्यायचं तर काय पडेल? समजा दोन घनफूट चांगलं सागवान चार हजार भावानं आठ हजार, फळीचं पाईन दीड हजार, सुताराचे आठ दिवस बाराशेप्रमाणे नऊ हजार सहाशे, पितळ आणि पॉलिश तीन हजार. बावीस हजारांच्या आसपास. जुनं टेबल, अक्षरं-कागदपत्रांशिवाय, याच्या फार वर जात नाही, कारण हौशी माणूसही हे गणित करतो. तिसरी बाजू, पुण्या-मुंबईचा दुकानदार. दुरुस्त करून तो ते तीस हजारांना विकेल असं धरू. त्याला भाडं आहे, माल महिनोन्महिने पडून राहतो, म्हणून निम्मे तो आपल्यासाठी ठेवतो. उरले पंधरा. त्यातून दुरुस्तीचे पाच, टेम्पोचे तीन गेले. तुमच्या हातात सात. त्यानं सात हजार सांगितले तर चिडू नका, त्याचं गणित प्रामाणिक आहे. पण तोच माल एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसला किंवा कॅफेवाल्याला थेट गेला, तर मधले पंधरा हजार तुम्ही दोघं वाटून घेता.

फोटोवरून आणि तुम्ही सांगितलेल्यावरून माझं मत असं: वाटणीत बारा हजार धरा. घाईत विकलंत तर सात-आठ येतील. थांबून थेट गिऱ्हाईक मिळालं तर पंधरा ते अठरा. फळी साग निघाली, कमानी चालल्या नाहीत किंवा पायांना खालून भुंगा लागलेला निघाला, तर हे आकडे तिथल्या तिथे खाली येतील. भुंग्यासाठी पायाखाली पांढरा कागद अंथरून चार दिवस ठेवा. कागदावर पिठासारखी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. नुसती जुनी भोकं असतील तर घाबरायचं कारण नाही.

उंचीचंही सांगतो. ही टेबलं उभं राहून किंवा उंच स्टुलावर बसून काम करायला केलेली, म्हणून घरच्या खुर्चीला ती जुळत नाहीत. 'पाय चार इंच कापले तर कॉम्प्युटर टेबल होईल' असं सांगणारा कुणीतरी भेटेलच, बहुधा भाऊच. कापू देऊ नका. कापलेले पाय म्हणजे पुन्हा मोडीचा भाव.

खणात काय आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, फ्रेंच कर्व्ह, मखमली पेटीतली कंपासं, पितळी वजनं, स्लाइड रूल, असलं काही असेल तर टेबलाबरोबर फुकट जाऊ देऊ नका. छोट्या वस्तू लवकर विकल्या जातात, कारण कुरिअरनं जातात. मात्र त्या टेबलाचा स्वतःचा लांब टी-स्क्वेअर असेल तर तो टेबलाबरोबरच द्या, जोडी मोडली की दोन्हीकडे घाटा. ट्रेसिंग क्लॉथवरचे नकाशे किंवा जुने फेरो, अमोनिया प्रिंट (नकाशांच्या छापील नकला) निघाले, तर ते विक्रीत आणूच नका. ते खात्याचे कागद आहेत, शिवाय धरणाचे.

कागदावरून आठवलं, लिलावाची पावती शोधा. सरकारी क्रमांक असलेली वस्तू तुमच्याकडे कशी आली, हे कुणी विचारलं तर तेवढाच पुरावा. भुसावळकडच्यांना तर मी हे दोनदा सांगतो, कारण रेल्वेच्या मालमत्तेसाठी १९६६ चा वेगळा कायदाच आहे आणि शिक्का असलेला माल पावतीशिवाय मी दुकानात उतरवून घेत नाही. पावतीवर तारीख आणि आजोबांचं नाव असेल, तर वर सांगितलेल्या आकड्यात मी दोन हजार आनंदानं वाढवीन.

'अँटिक' हा शब्द मात्र जाहिरातीत लिहू नका. आपल्याकडे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे साधारणपणे शंभर वर्षांची अट आहे. तुमचं टेबल बहुधा त्यात बसत नाही आणि न बसण्यात तुमचाच फायदा, नसती कटकट नाही. 'जुनं सागवानी ड्रॉइंग टेबल, पाटबंधारे खात्यातलं, एकाच कुटुंबात' एवढं खरं लिहिलं तरी ज्याला हवंय तो फोन करतो.

आज संध्याकाळी एवढं करा. खण पूर्ण बाहेर काढून उलटा ठेवा आणि उजेडात खालचा फोटो घ्या. मग डाव्या कडेचा, जवळून. मग फळीच्या मागच्या पट्टीतल्या एका स्क्रूचा. हे तीन फोटो पाठवा, बारा हजारांवर राहायचं की वर सरकायचं ते त्यावरून सांगतो.